बाल्कांवातला तिसरा पंखा

पहिल्याची पाती प्लायची होती.
दोन पावसाळ्यांत ती खाली झुकली
केळीच्या पानांसारखी,
आणि फिरताना असा आवाज करी
की मांजरसुद्धा सोप्यावर बसेना.

दुसरा लोखंडाचा. पांढरा रंग, सोनेरी कड.
माटोळी बांधायच्या दिवसांत आणला.
शिगमा येईतो त्याच्या टोपीतून
तांबडी भुकटी गळू लागली,
खाली प्रेमावती निवडत बसलेली, त्या उकड्या तांदळात.
तांबड्यात तांबडं.
दोन दिवस कळलंच नाही काय खातोय.

तेरेखोलच्या फेरीबोटीवर
एकतीस वर्षं इंजिनात काढली मी.
खारी हवा लोखंडाशी कशी बोलते
ते मला कोणी शिकवायला नको.
आधी बोल्ट. मग बोल्टाखालचा वॉशर.
मग एके सकाळी रंगाला फोड येतो
आणि नखाने दाबलं तर आत काहीच नसतं.
तरी घरच्या पंख्यात दोनदा फसलो.
पांढरा रंग दिसला की माणूस शिकलेलं विसरतो.

म्हणून या खेपेला म्हापशाला जाताना
खिशात चुंबक घेतला.

दुकानात सुलक्षा नावाची मुलगी, बाविशीची असेल.
‘बाहेर लावायचा? ओल सोसणारा देऊ की पाऊस सोसणारा?’
हे दोन वेगळे असतात, मला ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे आषाढात पाऊस आडवा येतो, म्हटलं,
खुर्चीत बसतो आणि विचारतो, चहा कुठाय.
ती हसली.
मी एकेका पंख्याच्या स्क्रूला चुंबक लावत गेलो.
तीन ठिकाणी टक्क चिकटला.
चौथ्यावरून घसरून पडला, काउंटरखाली गेला,
तिनेच वाकून काढून दिला.

हा घेतो.
पाती कसल्याशा घट्ट फायबरची, बेअरिंग झाकलेलं,
वाइंडिंग तांब्याची,
रंग शेवाळ्याचा, मुद्दाम कोणाला आवडू नये असा.
किंमत आधीच्या दोघांची मिळून, वर थोडी.
‘पंधरा वर्षांची हमी आहे, काका.’
मी एकाहत्तरचा.
तिने पावती फाडेपर्यंत बेरीज केली
आणि कार्डावर प्रेमावतीचं नाव घातलं.
ती सहा वर्षांनी लहान.

बसवायला इनास आला.
शिडीवर चढला आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग कानशीने काहीतरी खरवडल्याचा आवाज.
‘बाबा, पंखो टिकतलो. पूण हूक?’

हूक माझ्या बापाने घातलेला, गॅसबत्तीसाठी.
गावच्या नाटकाच्या तालमी इथेच होत तेव्हा,
पंखा कोणाच्या डोक्यात नव्हता.
पाती पाहिली, रंग पाहिला, मोटर पाहिली,
तीन-तीन पंखे पारखले,
ते ज्याला लोंबकळणार
त्याच्याकडे साठ वर्षांत मान वर केली नाही.
इनासच्या हाती चुंबक दिला.
लगेच चिकटला, घरचाच असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हापसा.
स्टीलचा हूक, दोनशे साठ रुपये. हमी नाही.
जुना काढताना मधोमध मोडला;
आत अजून थोडं लोखंड चमकत होतं,
पेन्सिलीच्या शिशाएवढं.
तेवढ्यावर दोन पंखे फिरले, आम्ही खाली जेवलो,
नातवंडं पत्ते खेळली.
सुलक्षाला सांगायला हवं हे. पुढच्या गिऱ्हाइकाला
तिने आधी हूक विचारावा.

काल रात्री वीज गेली.
दोघं सोप्यांवर समोरासमोर, काळोखात.
पंख्याचं बटण बंद, आणि तरी
पाती हळूहळू फिरू लागली, उलटी,
खाडीकडून वारा आला होता.
तोच, आधीचे दोन ज्याने खाल्ले.

प्रेमावती वर बघत म्हणाली,
चव घेऊन बघतोय.